उजवं मागचं चाक

रात्री वाळूत दिवे लावून गाडी हाकणाऱ्याला जारल्ला आंधळा म्हणायचा. दिवे लावले की पुढचं चार हात दिसतं आणि बाकी सगळं काळंकुट्ट होतं. टेकडीचा माथा आला की उजेड आभाळात निघून जातो, आणि पलीकडची उभी घसरण दिसेपर्यंत गाडी तिच्यावरून कोलमडलेली असते. चांदण्यात तसं होत नाही, वाळू आपले चढउतार आपणच दाखवते. त्याचा बाप उंटावरून असाच रात्रीचा हिंडला, जारल्ला गाडीतून हिंडत होता, आणि बावन्न वर्षांचा झाला तरी त्याचा हा तोरा काही गेला नव्हता. एखादा शहरी पोरगा गाडीच्या टपावर दिव्यांची रांग लावून आला की तो विचारायचा, "काय रे, वरात कोणाची?"

दुसरा तोरा मागाचा. वाळूवरचं पाऊल बघून तो सांगायचा की माणूस दमलेला आहे की घाबरलेला, बाई पोटुशी आहे की डोक्यावर ओझं आहे. गाड्यांचंही तसंच. पन्नास कोसांतली प्रत्येक गाडी तो चाकावरून ओळखे. पोलीस चौकीत त्याच्या शब्दाला पुराव्याचं मोल होतं. एकदा तर त्याने सख्ख्या मेव्हण्यालाच बकरीचोरीत धरून दिलं होतं. त्यापायी बायको चार महिने त्याच्याशी बोलली नाही. जारल्लाने ते चार महिनेही फुशारकीनेच सांगितले. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू मिसफर म्हणत, आणि अबू मिसफर बोलला म्हणजे विषय संपला असं मानत.

त्या आठवड्यात मंगळवारी रात्री डांबरी रस्त्यावरच्या गावात एक लग्न होतं. जेवणं उरकल्यावर जारल्ला आणि त्याचा पुतण्या शाफी यांची पैज लागली. शाफीने डांबरी रस्त्याने वळसा घालून उंटांच्या आपल्या तळावर यायचं, जारल्लाने वाळूतून सरळ रेषेत यायचं, तेही दिवे न लावता. हरेल त्याने बकरा कापायचा. जारल्ला पाऊण तास आधी पोचला. बुधवारी सकाळी कॉफीच्या वेळी त्याने ती सफर माथा न् माथा सांगितली, आणि दुपारी शाफीच्या बकऱ्याचा भात सगळ्यांनी हात कोपरापर्यंत माखून खाल्ला.

गुरुवारी संध्याकाळी इद्रिस आला.

इद्रिस आणि त्याचा थोरला भाऊ अबकर हे दोघे दार्फुरकडचे सुदानी. शेजारच्या तळावरचे ऐंशी उंट ते राखत. इद्रिस सात वर्षांत कधी मोठ्याने बोलला नव्हता.

"अबू मिसफर, सोमवारी तीन उंटिणी भरकटल्या. भाऊ गाडी घेऊन त्यांच्या मागे गेला. आज दुपारी उंटिणी आपणहून पाण्यावर आल्या. भाऊ आला नाही. त्याचा फोन तळावरच राहिलाय."

"आणि तू आज सांगतोस? चार दिवसांनी?"

"उंटामागे गेलं की दोन-तीन दिवस लागतातच. तुम्हीच म्हणता ना."

ते खरं होतं. जारल्लाने पेला खाली ठेवला. "पाणी किती होतं त्याच्याकडे?"

"एक कॅन. वीस लिटरचा." इद्रिसने मान खाली घातली. "गळका आहे तो."

त्या आठवड्यात दुपारच्या उन्हात उंटसुद्धा उठून उभे राहत नव्हते. जारल्लाने चौकीला फोन करून कळवलं, शाफीला हाक मारली, गाडीत पाणी, फावडी, रुतल्या चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या टाकल्या. तळाच्या कडेला चाकांतली हवा निम्म्याहून कमी केली आणि ते निघाले. गाडी जारल्लाचीच होती. शाफी हाकायला बसला, इद्रिस मागच्या हौद्यात उभा राहिला, आणि जारल्ला पुढे बॉनेटवर मांडी घालून बसला.

मागाच्या कामाला मात्र दिवे लागतात. खालून, आडवा उजेड पडला की चाकाच्या रेघेला सावली येते. दिवसा डोक्यावरच्या उन्हात जी रेघ दिसणार नाही ती रात्री ठसठशीत दिसते. अबकरच्या जुन्या गाडीचा माग त्यांच्या तळावरच्या विहिरीपासून सुरू होत होता. जारल्लाने डावा हात वर केला की डावीकडे, उजवा केला की उजवीकडे, आणि शाफी जुन्या मागाला चाक लागू न देता त्याच्या शेजारून गाडी नेत होता. मागावर चाक घालायचं नाही हा पहिला नियम. जारल्लाने तो पुतण्याला कानफटीत मारून शिकवला होता.

वाळू चार दिवसांत फारशी हलली नव्हती. वारा पडलेला होता. टेकडीवर टेकडी चढायची, माथ्यावर थांबायचं, जारल्लाने उतरून पलीकडे बघून यायचं, मग गाडी सरळ नाकाडाने खाली सोडायची. दोनदा गाडी रुतली, दोनदा उपसली. इद्रिस हातांनीच वाळू ओढायचा. फावडं घे म्हटलं तरी त्याला ऐकू येत नसे. मधूनमधून तो हौद्यातून हाक द्यायचा, "अबकर! ए अबकर!" आणि मग गाडीचं इंजिन बंद करून तिघे कान देऊन बसायचे.

"मिळेल रे," जारल्ला म्हणाला. "तुझा भाऊ शहाणा आहे. गाडी सोडणार नाही तो."

"नाही सोडणार," इद्रिस म्हणाला. "तोच मला सांगायचा. गाडी सोडली की मेलास."

मध्यरात्र उलटल्यावर गाडी सापडली. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट वाटीत ती नाक खुपसून बसली होती, पुढचा आस मोडलेला. दार उघडं. कॅन आडवा पडलेला, कोरडा. अबकर नव्हता.

"कोणी हलू नका," जारल्लाने दरडावलं. कंदील जमिनीलगत धरून तो गाडीभोवती फिरू लागला. असं फिरताना तो मोठ्याने वाचत जायचा, ही त्याची सवय होती. इद्रिस त्याचा एकेक शब्द झेलत होता.

"मंगळवारी दिवसभर इथेच होता. हे बघ, गाडीची सावली जशी सरकली तसा हा सरकत गेलाय. शाबास. इथे वाळू उकरून अंगावर ओढून घेतलीय. अगदी बरोबर केलंय. दिव्यांचं बटण चालू आहे, म्हणजे पहिल्या रात्री दिवे पेटवून ठेवले आणि बॅटरी संपवली. ते चुकलं. बरं. इथे झोपला. आणि इथून उठला, एकदम उठला. पंजा बघ किती खोल रुतलाय. चपला इथेच राहिल्या. धावला. टाच टेकलेलीच नाही."

"कुठे धावला?"

"पूर्वेला." जारल्ला वीस पावलं गेला. "आणि इथे थांबला. वळला. परत आला. आता उत्तरेला धावला. पुन्हा थांबला."

"असं का करेल तो?" इद्रिसने विचारलं. "डोकं फिरलं होतं का?"

"नाही. आवाज ऐकला त्याने. गाडीचा. या वाट्यांमध्ये आवाज चारी बाजूंनी घुमतो. गाडी कुठे आहे ते त्याला कळेना."

"आवाज कशाला लागतो? रात्र होती ना? दिवे बघून जायचं. दिवे आभाळात दिसतातच की!"

जारल्ला पुढचं वाचायला वाकला होता, तो तसाच राहिला. मग सरळ झाला आणि टेकडी चढू लागला.

माथ्यावर गाडीचं जादा चाक ठेवलेलं होतं. आडवं, नीट, वाळूत थोडं दाबून. त्यात फडकं कोंबलेलं आणि फडक्याला पेट्रोलचा पुसट वास. वाट चुकलेल्याने हेच करायचं असतं: चाक तयार ठेवायचं, आणि लांबून दिवे येताना दिसले की पेटवायचं. एकच चाक असतं, उगाच पेटवून चालत नाही. अबकर दिव्यांची वाट बघत बसला होता. दिवे आलेच नाहीत. फडक्याचा एक कोपरा जेमतेम काळा झाला होता. शेवटी धडपडत वर येऊन त्याने लायटर लावून पाहिला असणार, पण तोवर पेट्रोल उडून गेलं होतं.

आणि तिथून तीस पावलांवर, टेकडीच्या पाठीवरून, दुसऱ्या गाडीचा माग गेलेला होता.

जारल्लाने कंदील खाली धरला. बघायची गरज नव्हती. तीन चाकं घासून गुळगुळीत झालेली. उजवं मागचं चाक नवं, रुंद खाचांचं, आणि वाकड्या आसामुळे पुढच्या चाकापेक्षा दोन बोटं बाहेर पळणारं. हजार मागांतून त्याने तो डोळे मिटून काढला असता. घाईची गाडी, कुठेही न थांबलेली, माथ्यावर किंचित डावीकडे झुकलेली. इथे झुकताना आपण टेपवरच्या गाण्याला साथ देत होतो हेसुद्धा त्याला आठवलं.

माणसाला आपलं पाप एवढं स्वच्छ, अक्षर न् अक्षर लिहिलेलं वाचायला मिळू नये. जारल्लाला ते मिळालं. अबकरची अनवाणी पावलं त्या मागापर्यंत धावत आली होती. तिथे तो गुडघ्यावर पडला होता. उठून दोन्ही हातांनी वाळू उडवली होती. आणि मग गाडी गेली त्या दिशेने चालू लागला होता. सात वर्षं धाकट्याला शिकवलेलं सगळं त्याने त्या क्षणी सोडलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला. का नाही लागणार? ताजा माग होता. माग माणसांकडेच जातो.

मागून शाफी चढून आला. त्याने कंदिलाच्या उजेडात बघितलं, आणि ते मागचं चाक त्यानेही ओळखलं. इद्रिस अजून खालीच होता, भावाच्या चपला वाळू झटकून कमरेला बांधत होता.

"काका," शाफी कुजबुजला. "आपल्याला काय माहीत तो इथे आहे म्हणून."

"गप्प बस."

"नाही, मी म्हणतो..."

"गप्प बस म्हटलं ना! आधी माणूस शोधू."

ते मागाच्या कडेकडेने निघाले. अबकर चाकाच्या रेघेतूनच चालला होता, तिथे वाळू थोडी दाबलेली असते म्हणून. जारल्ला आता मोठ्याने वाचत नव्हता. पहिल्या टेकडीपर्यंत पावलं बरी होती. दुसरीवर तो बसला होता. तिसरीवर हातापायांवर चढला होता. त्या टेकडीपलीकडे त्याचा सदरा पडला होता. बुधवारचं ऊन वर आलं होतं तेव्हा. जारल्लाने मनात वेळ जुळवून पाहिली. बुधवारी सकाळी तो गालिच्यावर लोडाला टेकून सांगत होता, "मग मी त्या तिसऱ्या माथ्यावरून गाडी अशी सोडली!" आणि लोक हसत होते, आणि हा इथे, त्याच माथ्यावर, जिवंत होता.

चौथ्या टेकडीच्या पायथ्याशी अबकर पालथा पडलेला सापडला. दोन्ही चाकांच्या मधोमध, डोकं तळाच्या दिशेला. तळ तिथून अकरा कोस होता.

इद्रिसने त्याला उताणं केलं, मांडीवर डोकं घेतलं, तोंडातली वाळू बोटाने काढली. मग पाण्याची बाटली उघडली आणि त्याच्या ओठांवर थेंब थेंब सोडू लागला. कोणी त्याला अडवलं नाही. बाटली संपल्यावर त्याने मान वर केली.

"अबू मिसफर, ही गाडी कोणाची?"

आसपासच्या सगळ्या मुलुखात हा प्रश्न जारल्लाला शेकडो वेळा विचारला गेला होता, आणि त्याने कधी दुसरा श्वास घेतला नव्हता. आताही शब्द तयार होता, एकच शब्द, पण समोर इद्रिसचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर त्याच्याविषयी एवढा विश्वास होता की जारल्लाने नजर वाळूकडे वळवली.

"पुसट आहे," तो म्हणाला. "उजेडात बघू."

शाफीने चौकीला फोन लावला आणि फोन जारल्लाच्या हातात दिला. जमादार फलाह त्याचा वीस वर्षांचा ओळखीचा. माणूस मिळाला, मेला, जागा अमुक, हे सांगून झाल्यावर फलाहने विचारलं, "कोणाच्या गाडीमागे गेला म्हणता? ओळखलीत?" इद्रिस ऐकत होता. "पुसट आहे," जारल्ला दुसऱ्यांदा म्हणाला. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. त्याची त्याला फार भीती वाटली.

मयताला कांबळ्यात गुंडाळून हौद्यात ठेवलं. इद्रिस त्याच्याजवळ बसला. जारल्ला पुढे शाफीच्या शेजारी बसला. पोलीस अबकरच्या गाडीपाशी येणार होते, तेव्हा आल्या वाटेने मागे जायचं होतं.

शाफीने गाडी वळवली आणि चाकं बरोबर जुन्या मागावर घातली.

जारल्लाने त्याच्याकडे पाहिलं. शाफी समोर बघत होता, जबडा आवळून, अगदी हळू, काळजीपूर्वक हाकत होता. रेघेत रेघ, चाकात चाक. तीच गाडी, तेच वाकडं चाक. जुना माग नव्याखाली जात होता. एक हात उचलला असता तरी पुरे होतं. बॉनेटवरून रात्रभर उचलला तसा, डावा किंवा उजवा. जारल्लाचे दोन्ही हात मांडीवर होते. एक टेकडी गेली. दुसरी गेली. तो स्वतःशी म्हणत राहिला, पुढच्या माथ्यावर सांगतो. तिन्ही माथे गेले आणि चाक ठेवलेल्या त्या टेकडीवर ते पोचले, तेव्हा मागे वळून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहाटे पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. फलाहने कागद बॉनेटवर ठेवून लिहायला घेतलं. मयताचं नाव, वय, मुलूख. वाहन अडकल्याचं कारण. "अज्ञात वाहनाच्या मागावरून पायी गेला," असं तो बोलत लिहीत होता.

"अज्ञात नाही," जारल्ला म्हणाला. "माझी गाडी होती."

फलाहने पेन थांबवलं.

"मंगळवारी रात्री मी इथून गेलो. दिवे न लावता. पैज होती. मीच होतो, लिही."

फलाहने कागद बाजूला ठेवला. मग टेकडी चढून वर गेला, मागाशी बसला, परत आला. "अबू मिसफर, वर तर तुमची रात्रीचीच चाकं आहेत. जातानाची आणि येतानाची. ताजी. जुनं काही उरलेलं नाही."

"त्याच्याखाली आहे. आम्ही वरून गाडी नेली."

"तुम्ही? मागावरून?" फलाह हसलाच. "हे मी कोणाला सांगू? शाफी, काय म्हणतात तुझे काका?"

"दमलेत ते," शाफी खाली बघत म्हणाला. "त्या रात्री ते दक्षिणेच्या वाटेने आले. मला ठाऊक आहे ना, पैज मीच लावली होती."

"खोटं बोलतोस, हरामखोर!" जारल्ला त्याच्या अंगावर धावून गेला. दोघा पोलिसांनी त्याला धरलं. हळुवारपणे, म्हाताऱ्याला धरतात तसं. आजवर त्याला असं कोणी धरलं नव्हतं.

"बसा जरा," फलाह म्हणाला. "रात्रभर जागलात. मयत उन्हात ठेवून पुढे-मागे माग धुंडाळायला आता वेळ नाही. हे बघा, वीस वर्षं तुमचा शब्द मी मान खाली घालून लिहून घेतला. रात्री फोनवर दिलात तोही लिहिला. आता तुमच्याच एका शब्दासाठी दुसरा कसा खोडू?" आणि त्याने कागद पुरा केला.

जारल्ला वाळूत बसला. त्याला ओरडून रडावंसं वाटत होतं आणि रडू येत नव्हतं. उरला होता एकच माणूस, ज्याने विश्वास ठेवला असता तर पुरे होतं. तो हौद्यातून उतरून त्याच्याकडेच येत होता, कमरेला भावाच्या चपला बांधलेल्या.

"इद्रिस, ऐक. तो मीच होतो. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

इद्रिस त्याच्यापुढे उकिडवा बसला. त्याचे डोळे सुजले होते, पण आवाज आता शांत होता. "मी ऐकलं सगळं. आमच्या गावाकडेही होती अशी माणसं. मेलेल्याच्या घरी चूल पेटती राहावी, पोरांना रक्ताची भरपाई मिळावी, म्हणून दुसऱ्याचं रक्त आपल्या अंगावर घेणारी. अबकर म्हणायचा, आता तशी राहिली नाहीत." त्याने वाकून जारल्लाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "पण मी नाही हे घेणार. तुम्ही रात्रभर हिंडून माझा भाऊ मला शोधून दिलात. ज्याने त्याला मागे टाकलं त्याचं अल्ला बघून घेईल."

"अरे, तो मीच! तुला कसं सांगू? मी होतो, इद्रिस!"

"हो. हो," इद्रिस म्हणाला. तापात बरळणाऱ्या पोराला म्हणावं तसं. जारल्लाचे ओठ फुटले होते आणि त्यांना वाळू चिकटली होती. इद्रिस उठून गाडीकडे गेला, पेलाभर पाणी घेऊन आला, एका हाताने त्याची मान सावरली आणि पेला तोंडाला लावला. जारल्लाने तोंड घट्ट मिटून मान हलवली. इद्रिस वाट बघत राहिला. ऊन वर येत होतं. शेवटी जारल्ला ते पाणी प्यायला.